विषाची परीक्षा घेणारा वैद्य : फ्रान्सेस्को रेदी

(द्वितीय वर्ष, कला)

सापाविषयी आपल्या समाजात दोन भावना प्रामुख्याने आढळतात. एक भक्तीची आणि दुसरी भीतीची. नागपंचमीला आपण पाटावर नाग काढून त्याला दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखवतो आणि चार दिवसांनी तोच नाग कुंपणात दिसला, तर काठी शोधू लागतो. भक्ती आणि भीती या दोहोंच्या मध्ये एक तिसरी भावना आहे, ती जिज्ञासेची. हा प्राणी चावला म्हणजे माणूस का मरतो, त्याचे विष असते तरी कोठे, त्याची पिल्ले जन्मतात कशी, असे साधे प्रश्न विचारणारी माणसे जगात फार उशिरा निर्माण झाली. अशा माणसांत ज्याचे नाव अगदी पहिल्या ओळीत घ्यावे लागेल, त्या फ्रान्सेस्को रेदी या इटालियन वैद्याचे चरित्र मी या लेखात थोडक्यात सांगणार आहे.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. विज्ञानाची पुस्तके दहावीनंतर सुटली. तेव्हा हा विषय मी का निवडला, असे कोणी विचारील. इतिहासाच्या तासाला युरोपातील प्रबोधनकाल शिकताना मेदिची राजघराण्याचे नाव वारंवार येई. त्या घराण्याच्या आश्रयाला कोण कोण होते, हे पाहता पाहता गॅलिलिओच्या मागोमाग रेदी भेटला. पुढे वाचले तेव्हा ध्यानात आले, की या माणसाने साडेतीनशे वर्षांपूर्वी ज्या प्रश्नांची उत्तरे शोधली, ते प्रश्न रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या वाडीत आजही पुरते सुटलेले नाहीत. त्यामुळे तो मला परका वाटला नाही.

रेदीचा जन्म १८ फेब्रुवारी १६२६ रोजी टस्कनीतील आरेत्सो या गावी झाला. वडील ग्रेगोरिओ हे स्वतः वैद्य होते. घरात विद्या होती, पुस्तके होती. जेझुइट पाद्र्यांच्या शाळेत शिक्षण घेऊन तो पिसाच्या विद्यापीठात गेला आणि १६४७ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्याने तत्त्वज्ञान आणि वैद्यक यांची पदवी मिळवली. पुढे फ्लॉरेन्सच्या राजदरबारी त्याचा प्रवेश झाला. ग्रँड ड्यूक फेर्दिनांदो दुसरा आणि त्याच्यानंतर कोसिमो तिसरा अशा दोन राजांचा तो राजवैद्य होता. राजवाड्याची औषधशाळाही त्याच्याच देखरेखीखाली होती. आपल्याकडे तो शिवकाल होता. रेदी शिवाजी महाराजांपेक्षा अवघ्या चार वर्षांनी मोठा.

त्या काळाची परिस्थिती समजून घेतल्याशिवाय रेदीचे मोठेपण कळणार नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, असे मांडल्याबद्दल गॅलिलिओला १६३३ साली धर्मपीठापुढे उभे राहावे लागले, तेव्हा रेदी सात वर्षांचा होता. ज्ञान म्हणजे ग्रंथात लिहिलेले ज्ञान, अशीच सर्वसाधारण समजूत होती. एखाद्या गोष्टीविषयी वाद निघाला, की कोणत्या प्राचीन ग्रंथकाराने काय म्हटले आहे ते शोधायचे आणि निकाल द्यायचा. मात्र वारे बदलू लागले होते. १६५७ साली मेदिची घराण्याने फ्लॉरेन्समध्ये चिमेन्तो नावाची एक अकादमी स्थापन केली. चिमेन्तो म्हणजे परीक्षा, कसोटी. ग्रंथ बाजूला ठेवून प्रत्यक्ष प्रयोगाने गोष्ट पडताळून पाहायची, हे या मंडळाचे व्रत होते आणि रेदी या मंडळात वावरत होता.

आता सापांकडे वळू. युरोपात आपल्यासारखे नाग नाहीत, मण्यारही नाही. तिथला मुख्य विषारी साप म्हणजे व्हायपर. आपल्याकडचे घोणस आणि फुरसे हे याच कुळातले. या व्हायपरच्या मांसाला त्या काळी औषधात मोठी किंमत होती. थेरियाक नावाचे एक प्रसिद्ध औषध होते. अनेक द्रव्यांच्या त्या पाकात व्हायपरचे मांस हा महत्त्वाचा घटक असे. सर्व विषांवर आणि बहुतेक रोगांवर ते चालते, असा लोकांचा विश्वास होता. हे औषध तयार करण्यासाठी राजवाड्यात नेपल्सहून जिवंत व्हायपर मागवले जात. अशीच एक खेप आली असताना दरबारातील विद्वानांत वाद सुरू झाला, की या सापाचे विष नेमके कोठे असते? कोणी म्हणाला, त्याच्या पित्ताशयात. कोणी म्हणाला, दातांत. कोणी म्हणाला, शेपटीत. प्रत्येकाजवळ आपापल्या ग्रंथांचा आधार होता.

दरबारात साप हाताळण्यासाठी याकोपो सोत्सी नावाचा एक माणूस होता. व्हायपर पकडणे हा त्याचा धंदा. विद्वानांचे हे बोलणे तो कोपऱ्यात उभा राहून ऐकत होता आणि त्याला हसू येत होते. पित्तात विष असते म्हणणाऱ्या पंडितांसमोर त्याने एका व्हायपरचे पित्त काढले, अर्ध्या पेल्यात कालवले आणि तो ते सरळ पिऊन टाकून मोकळा झाला. त्याला काहीही झाले नाही. पुढे त्याने सापाच्या दातांतून निघणारा पिवळसर द्रवही असाच पिऊन दाखवला. सारा दरबार थक्क झाला. पण सोत्सीला त्यात विशेष काही वाटले नाही. जन्मभर त्याने हेच पाहिले होते.

हा प्रसंग वाचून मी बराच वेळ विचार करीत बसले. एखाद्या गर्विष्ठ विद्वानाने सोत्सीला हाकलून दिले असते. मंत्र-तंत्र करतो, आधी उतारा घेऊन आला असेल, असे म्हणून विषय संपवला असता. तशी शंका दरबारात निघालीही असेल. रेदीने सोत्सीला हाकलले नाही आणि त्याच्यावर आंधळा विश्वासही टाकला नाही. एका अशिक्षित गारुड्याच्या अनुभवाला त्याने पुराव्याचा मान दिला आणि मग तो अनुभव स्वतः तपासायला घेतला. मला वाटते, रेदीचे सारे चरित्र या एका वागणुकीत आले आहे.

त्याने शेकड्यांनी व्हायपर तपासले. पित्त, रक्त, शेपटी, मांस हे सारे वेगवेगळ्या प्राण्यांच्या पोटात आणि जखमेत घालून पाहिले. त्यातून पुढील गोष्टी स्पष्ट झाल्या. विष पित्तात नसून वरच्या जबड्यातील सुळ्यांभोवती असलेल्या आवरणात साठणाऱ्या पिवळसर द्रवात असते. तो द्रव गिळला तर अपाय होत नाही, पण जखमेवाटे रक्तात गेला तर प्राणी दगावतो. साप जिवंतच असला पाहिजे, असेही नाही. मेलेल्या सापाचे विष काडीला माखून ती काडी जखमेत खुपसली, तरी परिणाम तोच. सर्पदंशाने मेलेल्या प्राण्याचे मांस खाल्ल्याने खाणाऱ्याला बाधा होत नाही. हे सारे निष्कर्ष त्याने १६६४ साली लोरेन्त्सो मागालोत्ती या आपल्या मित्राला लिहिलेल्या पत्राच्या रूपाने प्रसिद्ध केले. विशेष म्हणजे हे लेखन त्याने पंडितांच्या लॅटिनमध्ये न करता आपल्या मातृभाषेत, टस्कनीच्या इटालियनमध्ये केले. मराठीतून शिकणाऱ्या माझ्यासारखीला ही गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही.

विषाच्या प्रश्नाला लागूनच जन्माचा प्रश्न येतो. व्हायपर हे नावच मुळी जिवंत पिल्ले घालणारा या अर्थाच्या लॅटिन शब्दांवरून आले, असे मानतात. बहुतेक साप अंडी घालतात. हा साप मात्र पिल्लांनाच जन्म देतो, हे जुन्या लोकांनी पाहिले होते. पण पाहण्याबरोबर कल्पनाही जोडल्या गेल्या. मीलनाच्या वेळी मादी नराची मान तोडते आणि त्याचा सूड म्हणून पिल्ले आईचे पोट कुरतडून बाहेर येतात, अशी कथा हिरोडोटसने लिहून ठेवली आणि ती शेकडो वर्षे ग्रंथांतून फिरत राहिली. आपल्याकडेही विंचवी पिल्लांच्या जन्मानंतर जगत नाही, पिल्लेच तिला खातात, असे सर्रास सांगतात. पाठीवर पिल्ले घेऊन फिरणारी विंचवी ज्याने नीट पाहिली आहे, त्याला हे खरे वाटणार नाही.

याबाबत माझ्या घरचा एक अनुभव सांगते. शाळेत असताना साप अंडी घालतो, असे मी एकदा मोठ्याने पाठ करीत होते. आमचे बाबा चौथी शिकलेले. त्यांनी तेथल्या तेथे सांगितले, की फुरसे अंडी घालत नाही, पिल्ले घालते. गवत कापताना त्यांनी पाहिले होते. मला तेव्हा ते खरे वाटले नाही, कारण पुस्तकात तसे नव्हते. पुढे वाचनात आले, की बाबांचे म्हणणे बरोबर आहे. नाग आणि मण्यार अंडी घालतात. नागाची मादी साधारण बारा ते तीस अंडी घालते. घोणस, फुरसे आणि कोकणातल्या झाडीतला हिरवा चापडा हे मात्र पिल्लांना जन्म देतात. घोणशीला एका वेळी वीस ते चाळीस, कधी त्याहूनही अधिक पिल्ले होतात. ही पिल्ले जन्मतःच विषारी असतात. आणखी नवल म्हणजे आपल्या फुरशाचेच आफ्रिकेतले काही भाऊबंद अंडी घालतात.

हा भेद कसा पडला, याचे उत्तर रेदीच्या काळी कोणाजवळ नव्हते. उत्क्रांतीचा विचार मांडणारा डार्विनचा ग्रंथ १८५९ साली, म्हणजे रेदीच्या व्हायपरवरील पुस्तकानंतर १९५ वर्षांनी आला. आज शास्त्रज्ञ असे मानतात, की सापांचे मूळ पूर्वज अंडी घालणारे होते आणि पुढे निरनिराळ्या कुळांत, निरनिराळ्या वेळी, अंडी पोटातच ठेवण्याची रीत स्वतंत्रपणे निर्माण झाली. थंड प्रदेशात जमिनीतली अंडी गारठून जातात. ती पोटात असली तर आई उन्हात पडून त्यांना ऊब देऊ शकते. मात्र त्यापायी तिचे अंग जड होते, हालचाल मंदावते आणि पुष्कळदा तिला उपाशी राहावे लागते. निसर्गात फुकट काही मिळत नाही, हेच खरे. विषाचेही तसेच आहे. सापाची विषग्रंथी लाळेच्या ग्रंथींशी नाते सांगणारी असून शरीरात मुळात इतर कामे करणाऱ्या प्रथिनांतून लक्षावधी वर्षांत विषाची प्रथिने घडत गेली. विष सापाच्या रागातून येत नाही. ते भक्ष्य मारण्याचे त्याचे साधन आहे.

रागाचा उल्लेख मी मुद्दाम केला, कारण रेदीचा पुढचा वाद नेमका यावरूनच झाला. पण त्याआधी १६६८ सालच्या त्याच्या सर्वांत प्रसिद्ध प्रयोगाकडे पाहिले पाहिजे. गंमत अशी, की या प्रयोगाची सुरुवातही सापांपासूनच झाली. कुजक्या मांसातून किडे आपोआप उत्पन्न होतात, असे त्या काळी सारे जग मानत होते. आपल्या शास्त्रांतही जरायुज, अंडज, उद्भिज्ज यांच्या जोडीला स्वेदज, म्हणजे घामातून आणि उष्म्यातून जन्मणाऱ्या जीवांचा वर्ग सांगितला आहे. रेदीने तीन मेलेले साप एका उघड्या पेटीत कुजत ठेवले. त्यांवर अळ्या पडल्या. अळ्यांचे कोश झाले आणि कोशांतून माश्या निघाल्या. मांसावर आधी ज्या माश्या घोंगावतात, त्याच जातीच्या माश्या शेवटी बाहेर येतात, हे त्याच्या नजरेतून सुटले नाही. मग त्याने रुंद तोंडाच्या चार बरण्या घेतल्या. एकीत साप, दुसरीत मासे, तिसरीत आर्नो नदीतल्या वाम आणि चौथीत वासराचे मांस घालून त्यांची तोंडे कागदाने बांधून टाकली. तशाच आणखी चार बरण्या भरून त्या मात्र उघड्या ठेवल्या. उघड्या बरण्यांत अळ्या वळवळू लागल्या. बंद बरण्यांत एकही नव्हती. हवा मिळाली नाही म्हणून किडे झाले नाहीत, असा आक्षेप कोणी घेईल हे ओळखून त्याने पुन्हा बरण्या भरल्या आणि या वेळी तोंडाला तलम जाळीदार कापड बांधले. हवा आत जात होती, माशीला वाट नव्हती. मांस कुजले, पण अळ्या पडल्या नाहीत.

आपल्याला आज हा प्रयोग पोरखेळ वाटेल. पण त्यातली खुबी उघड्या बरणीत आहे. बंद बरण्या तर कोणीही भरल्या असत्या. शेजारी उघड्या बरण्या ठेवल्या म्हणूनच तुलना झाली आणि तुलना झाली म्हणूनच निकाल लागला.

१६६९ साली मोईझ शारास नावाच्या फ्रेंच औषधशास्त्रज्ञाने पॅरिसमध्ये व्हायपरवर पुस्तक लिहून रेदीला आव्हान दिले. त्याचे म्हणणे असे, की तो पिवळा द्रव केवळ निरुपद्रवी लाळ आहे. खरे विष म्हणजे संतापलेल्या सापाच्या क्षुब्ध प्राणशक्ती. साप चिडून चावतो तेव्हा त्या दंशावाटे शिरतात आणि माणसाला मारतात. ही कल्पना ऐकायला आकर्षक आहे. आपल्याकडे साप डूख धरतो, वर्षानुवर्षे सूड मनात ठेवतो, असे जे म्हणतात, तिचीच ही बहीण म्हणायची. रेदीने १६७० साली आणखी एक पत्र प्रसिद्ध करून उत्तर दिले. त्यात शिवीगाळ नाही, थट्टा आहे तीही सौम्य. त्याचा मुख्य आधार पुन्हा प्रयोग हाच होता. मेलेल्या सापाला राग कसला येणार? तरीही त्याचा द्रव जखमेत गेला की प्राणी मरतोच. पुढे अठराव्या शतकात फेलिचे फोन्तानाने हजारो प्रयोग करून रेदीचीच बाजू खरी ठरवली.

रेदीच्या पुढच्या कामाचा आपल्या देशाशी थेट संबंध आहे. १६६२ साली हिंदुस्थानातून परतलेल्या फ्रान्सिस्कन साधूंनी टस्कनीच्या दरबारात काही गुळगुळीत खडे आणले होते. नागाच्या डोक्यातून निघालेला हा खडा दंशावर ठेवला की चिकटून बसतो, विष शोषून घेतो, मग दुधात टाकला की विष सोडतो, अशी त्यांची ख्याती. रोममधील अथानासियस किर्शर या मोठ्या विद्वानाने एका कुत्र्यावर प्रयोग करून खडा गुणकारी असल्याचे लिहिले. रेदीने त्या खड्यांची कसून परीक्षा घेतली. खडे चिकटले खरे, पण विष दिलेली जनावरे वाचली नाहीत. आपले हे निष्कर्ष त्याने १६७१ साली खुद्द किर्शर यांनाच उद्देशून लिहिलेल्या पत्रात छापले.

हे वाचताना माझा हात थांबला. आमच्या काकीला भाताच्या बांधावर गवत कापताना फुरसे चावले, तेव्हा तिला प्रथम शेजारच्या वाडीतल्या एका वृद्ध गृहस्थांकडे नेले होते. त्यांच्याजवळ असाच खडा होता. तो बोटाला चिकटला, दुधात टाकल्यावर बुडबुडे आले आणि सर्वांना हायसे वाटले. त्यांनी पैसे घेतले नाहीत, उलट चहा पाजला. संध्याकाळी काकीच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले, तेव्हा तिला तालुक्याच्या गावी हलवले. फार उशीर झाला होता. तिच्या मागे दोन मुले आहेत.

त्या गृहस्थांना मी लबाड म्हणणार नाही. त्यांच्या खड्याने पूर्वी माणसे वाचली होती, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. पण ती का वाचली? आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी आहेत. विषारी साप चावला, तरी प्रत्येक वेळी तो विष टोचतोच असे नाही. तेव्हा चावलेल्या कित्येकांना मुळात विष भिनलेलेच नसते. ते खडा लावूनही वाचतात आणि न लावताही वाचले असते. खडा लावल्याची बरणी आपण पाहतो, न लावल्याची बरणी आपण शेजारी ठेवतच नाही. सच्छिद्र, जळलेले हाड ओल्या जखमेवर चिकटते आणि दुधात टाकल्यावर त्याच्या छिद्रांतली हवा बाहेर पडते, एवढाच त्या बुडबुड्यांचा अर्थ. रेदीचे पत्र इटालियनमध्ये होते. आमच्या वाडीपर्यंत ते कोणी पोहोचवले नाही.

रेदीला देव करण्याचा माझा हेतू नाही. त्याच्याही हातून चुका झाल्या. झाडांच्या पानांवर ज्या गाठी येतात, त्यांतल्या किड्यांना झाडाची जीवशक्तीच जन्म देते, असे त्याने मानले. त्याच्यामागून आलेल्या संशोधकांनी त्या गाठीही कीटकांच्या अंड्यांमुळेच होतात, हे दाखवले. याहून वेगळी एक गोष्ट चटका लावते. रेदी भाषापंडितही होता. फ्लॉरेन्सच्या क्रुस्का अकादमीने १६९१ साली काढलेल्या इटालियन शब्दकोशाच्या तिसऱ्या आवृत्तीत त्याचा मोठा वाटा होता. त्यात शब्दांचे दाखले देताना त्याने काही प्राचीन हस्तलिखितांचा आधार दिला आणि ती हस्तलिखिते मुळात अस्तित्वातच नव्हती, असे पुढील काळातील अभ्यासकांना आढळून आले. सापाच्या बाबतीत कोणाच्याही शब्दावर विश्वास न ठेवणाऱ्या माणसाने शब्दांच्या बाबतीत स्वतःच बनावट पुरावा द्यावा, याला काय म्हणावे? मला यातून एवढेच समजले, की माणूस कितीही मोठा असो, त्याचे म्हणणे तपासूनच घ्यावे लागते. खुद्द रेदीचेही.

वैद्य म्हणून तो साधेपणाचा पुरस्कर्ता होता. औषधांचा भडिमार करण्यापेक्षा योग्य आहार आणि विश्रांती यांवर त्याचा भर असे. १६८४ साली त्याने प्राण्यांच्या शरीरात राहणाऱ्या परजीवी जंतांवर ग्रंथ लिहिला. त्यातही आरंभी एका दोन तोंडांच्या सापाच्या विच्छेदनाचे वर्णन आहे. १६८५ साली टस्कनीच्या मद्यांचे वर्णन करणारे त्याचे दीर्घकाव्य प्रसिद्ध होऊन खूप गाजले. त्याचा शिष्य बोनोमो याने चेस्तोनी या औषधविक्रेत्याच्या साहाय्याने खरूज ही रक्तदोषाने न होता एका सूक्ष्म किड्यामुळे होते, हे शोधून काढले आणि १६८७ साली ते पत्ररूपाने रेदीलाच कळवले. १ मार्च १६९७ रोजी पिसा येथे झोपेतच रेदीचे निधन झाले. त्याचा देह आरेत्सोला नेऊन पुरण्यात आला.

मृत्यूनंतर ७१ वर्षांनी, १७६८ साली, लाउरेन्टी या प्राणिशास्त्रज्ञाने इटलीतील एका व्हायपरला रेदीचे नाव दिले. ते आजही त्या सापाच्या शास्त्रीय नावात आहे. ज्याने जन्मभर सापांची परीक्षा घेतली, त्याचे नाव एका सापाने धारण करावे, याहून योग्य स्मारक कोणते?

विष हा रागही नाही आणि शापही नाही, तो एक पदार्थ आहे, हे एकदा ठरल्यावरच त्यावर उतारा शोधणे शक्य झाले. १८९० च्या दशकात आल्बेर काल्मेत या फ्रेंच शास्त्रज्ञाने प्राण्यांना थोडे थोडे विष टोचून त्यांच्या रक्तापासून प्रतिविष तयार केले. पुढे मुंबईच्या हाफकिन संस्थेतही घोड्यांच्या साहाय्याने ते बनू लागले. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते. त्यासाठी लागणारे विष मुख्यतः तामिळनाडूतील इरुला या आदिवासी जमातीचे लोक काढून देतात. १९७८ पासून त्यांची स्वतःची सहकारी संस्था आहे. त्यांच्यातील वडिवेल गोपाल आणि मासी सदैयन या दोघांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा मला फ्लॉरेन्सच्या दरबारात कोपऱ्यात उभ्या असलेल्या सोत्सीची आठवण झाली. त्याला कोणी पदवी दिली नव्हती, पण रेदीने त्याचे नाव ग्रंथात लिहून ठेवले.

काम मात्र संपलेले नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लक्ष माणसे मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिला आहे. त्यांतील बहुसंख्य खेड्यांत राहणारी. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवून केंद्र सरकारने २०२४ साली राष्ट्रीय कृती योजना जाहीर केली. एकाच जातीच्या सापाचे विषही प्रदेशाप्रमाणे बदलते, हे आता कळले आहे. उत्क्रांती अजून चालूच आहे, म्हणून परीक्षाही चालूच ठेवावी लागणार.

आपल्या महाविद्यालयात येणारी बरीच मुले-मुली माझ्यासारखीच आजूबाजूच्या खेड्यांतून येतात. त्यांना माझी एक विनंती आहे. साप चावला तर दंशावर चिरा देऊ नका, चोखू नका, करकचून आवळू नका. चावलेला हात किंवा पाय हलू न देता माणसाला तडक दवाखान्यात न्या. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे सांगताना त्यांना अडाणी म्हणू नका. त्यांना सापांविषयी जे ठाऊक आहे, ते आधी ऐकून घ्या, वहीत लिहून ठेवा आणि मग ते खरे की खोटे हे पडताळून पाहा.